एसीवालीचं लक्ष

सिग्नल लाल होता, ऊन डोक्यावर होतं आणि तिच्या स्कूटरशेजारी उभी असलेली राखाडी गाडी आचके देत होती. इतर कुणाला ते कळलं नसतं. तिला कळलं, कारण तिचं कामच ते होतं. बॉनेटखाली कॉम्प्रेसर ‘टक्’ करून लागत होता आणि लागला लागला म्हणेपर्यंत पुन्हा ‘टक्’ करून सुटत होता.

गाडीच्या मागच्या काचांवर आतून ओले टॉवेल अडकवलेले. चालवणारा माणूस एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने, पुठ्ठ्याच्या तुकड्याने, मागच्या सीटवर कुणाला तरी जीव तोडून वारा घालत होता. त्याचे केस ओले होते. अशा उन्हात... ओले केस!

तिने काचेवर टकटक केली. काच खाली आली.

“तुमचा गॅस गेलाय,” ती म्हणाली.

तो बघतच राहिला. “...काय म्हणालात?”

“गॅस. एसीचा.”

“परवाच भरलाय हो.”

“मग परवाच गेला असेल.”

तिला वाटलं, हसेल. पण तो हसला नाही. मागून एक बारीक आवाज आला, “मामा, ही कोण?”

“माहीत नाही, ठकू. तू पाणी पी.”

“मी एसीवाली,” ती खिडकीतून आत वाकून म्हणाली. “तो पूल दिसतो ना, त्याच्याखाली आमचं गॅरेज आहे. या माझ्या मागोमाग.”

सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्नचा गलका केला. तो क्षणभर घुटमळला... आणि मग त्याने डावीकडचा दिवा लावला.

गॅरेज तिच्या काकांचं. वडील गेले तेव्हा काकांनी तिला शाळेच्या दप्तरासकट इथे आणून बसवलं होतं. पान्यांच्या खणखणाटातच तिचे पाढे पाठ झाले. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून काका खुर्चीत बसून हुकूम सोडत आणि काम ती करी. आसपासच्या दुकानांत तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. लहानथोर सगळे एसीवालीच म्हणत.

त्या माणसाने मुलीला उचलून थेट पंख्याखाली नेलं, बाटलीतलं पाणी तिच्या डोक्यावर, मानेवर, हातांवर शिंपडलं. पाचेक वर्षांची असेल. केस विरळ, डोळे मोठे, फ्रॉक चिंब.

“हिला घाम येत नाही,” तो म्हणाला. हे वाक्य त्याने फार वेळा म्हटलेलं असणार; आवाजात चढउतारच नव्हता. “जन्मापासून. आपल्याला उकडलं की घाम येतो, अंग निवतं. हिचं निवत नाही. तापतच जातं. म्हणून शाळा, घर, गाडी — सगळीकडे एसी लागतो. चैन म्हणून नाही.”

मघाचा आपला विनोद आठवून तिचे कान गरम झाले.

“गॅस कितीदा भरलात?” तिने विचारलं.

“या उन्हाळ्यात? तीनदा.”

“आणि गळती कुणी शोधली?”

“गळती?”

खुर्चीतून काका खेकसले, “अहो, गॅस काय पेट्रोल आहे संपायला? तो आतल्या आत फिरतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी पळतोय!”

“आधी गॅस भरते, म्हणजे हिचं आज भागेल,” ती म्हणाली. “त्याच्यासोबत एक रंग सोडते. गाडी नेहमीसारखी फिरवा आणि परत आणा. जिथून गळतंय तिथे तो रंग बाहेर येईल. अंधार करून निळा दिवा मारला की चमकतो.”

“मी पण बघणार,” ठकू म्हणाली.

“तू तर हवीसच. माझा चष्मा कोण धरणार?”

आता मात्र तो हसला. हसताना त्याच्या डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या... आणि एसीवालीने उगाचच पाना पुसायला घेतला.

तो पोहायला शिकवायचा. तलावावरची मुलं त्याला कोच म्हणत, म्हणून काकांनीही तेच नाव उचललं. ठकू त्याच्या बहिणीची मुलगी. बहीण इस्पितळात नर्स, मेहुणे जहाजावर. त्यामुळे भाचीची ने-आण मामाकडे. हे सगळं पुढच्या खेपेला कळलं — गाडीवर ताडपत्री ओढून, बॉनेटखाली दोघं शेजारी शेजारी वाकलेले असताना.

ताडपत्रीखाली गुदमरायला होत होतं. दोघांच्याही डोळ्यांवर पिवळे चष्मे. त्याच्या अंगाला तलावाच्या पाण्याचा, क्लोरीनचा तो स्वच्छ वास येत होता. तिने दिवा हळूहळू पाइपावरून सरकवला. सांधा... कोरडा. पुढचा सांधा... कोरडा. मग पुढच्या जाळीमागे, कंडेन्सरच्या कोपऱ्यात, एक हिरवा ठिपका चमकला. काजव्यासारखा.

“दिसलं?” तिने दबक्या आवाजात विचारलं.

“दिसलं,” तो म्हणाला.

तिने मान वळवली तर तो तिच्याकडेच बघत होता.

“मी गळतीबद्दल विचारतेय.”

“मी पण,” तो म्हणाला. पण चष्म्याच्या पिवळ्या काचेआडूनही तो लाजलेला दिसला.

कंडेन्सर बदलला, सांध्यांतली रबरं बदलली. मग शेवटची परीक्षा. गॅस भरण्याआधी नळ्यांत नायट्रोजन दाबून भरायचा, झडप बंद करायची आणि दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा जागचा हलला नाही तर गाडी पास. कंटाळवाणं काम. पण ते टाळायचं नाही, हे काकांनी तिला लहानपणापासून बजावलेलं.

त्या संध्याकाळी तो स्टुलावर बसून सांगत होता, की पाण्याला घाबरणाऱ्या मुलांना तो आधी पोहायला शिकवतच नाही. नुसते बुडबुडे सोडायला शिकवतो. “तोंड पाण्यात घालायचं आणि कुणाला राग आलाय त्याचं नाव घ्यायचं. पाण्याखाली ऐकू येत नाही ना! एकाने तर माझंच नाव घेतलं. मला बुडबुड्यांवरून कळलं.”

“काहीतरीच!”

“खरंच. तुमच्या नावाचे बुडबुडे कसे येतील, सांगू?”

“माझं नाव कुठे माहीतेय तुम्हाला?”

“तेच तर. सांगा ना.”

“काटा बघतेस ना गं?” खुर्चीतून काकांचा आवाज आला.

“बघतेय!” ती म्हणाली, आणि बघितलंही. काटा होता तिथेच होता. की... केसभर खाली? ऊन उतरलंय, नळ्या निवल्यात, त्यानेही उतरतो तेवढा, असं तिने मनाशी म्हटलं. लगेच मनाला पटलंही. नळी काढली, गॅस भरला, किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

“आता बिनधास्त फिरवा,” ती म्हणाली. “माझी हमी.”

त्यानंतर गाडीला काही ना काही होऊ लागलं. कधी पंख्याचा आवाज येई, कधी वास येई, कधी ठकूला म्हणे दिवा बघायचा असे. आवाज नसायचा, वासही नसायचा. काका डोळे मिटून म्हणत, “या गाडीला दवाखान्याची सवय लागली वाटतं.” एसीवाली मान खाली घालून हसायची. कामावर येताना ती आता केस विंचरून, घट्ट न बांधता थोडे सैल सोडून येऊ लागली होती. आरशात बघताना स्वतःवरच चिडायची, आणि तरीही सोडायची.

असं सगळं छान चाललेलं असताना एका दुपारी तिचा फोन वाजला.

“थंड हवा येत नाहीये.” त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. “पंखा चालू आहे, पण नुसता गरम वारा... काय करू? कुठलं बटण दाबू? लवकर सांगा!”

“कुठे आहात?”

“पुलावर. पुढे ट्रक उलटलाय, एकही गाडी हलत नाही. पाणी संपत आलंय. ती आता बोलत नाहीये हो... नुसती बघतेय.”

पूल तिच्या डोक्यावर होता. तिने वर पाहिलं. काँक्रीटपलीकडे कुठेतरी ती गाडी उभी होती. माझी हमी, तिने म्हटलं होतं.

“दारं उघडा. तिला गाडीच्या सावलीला घ्या. मी आले.”

सीटवर अंथरायची सुती चादर तिने ओढली. काकांनी न विचारता खुर्चीतूनच वाकून बादली पुढे ढकलली. पाणी निथळणारी चादर पायाशी टाकून, पिण्याच्या पाण्याचा कॅन पुढे अडकवून तिने स्कूटर पुलाच्या चढावर घातली. दोन्ही बाजूंना गाड्यांच्या भिंती, मधे वीतभर फट. आरसे खटाखट लागत होते, लोक शिव्या घालत होते. “बाजूला व्हा! लहान मूल आहे, बाजूला व्हा!” ती ओरडत होती. घसा कोरडा पडला तरी ओरडत होती.

राखाडी गाडीच्या तोकड्या सावलीत तो गुडघ्यांवर बसला होता. मांडीवर ठकू. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले. त्याने स्वतःचा शर्ट ओला करून तिच्या अंगावर घातला होता.

“बसा मागे. मधे घ्या तिला.”

“गाडी?”

“राहू दे गाडी!”

ओली चादर तिने ठकूच्या डोक्यापासून पायांपर्यंत गुंडाळली, फक्त चेहरा उघडा ठेवला. तिघं स्कूटरवर. चादरीचं पाणी तिच्या पाठीवरून ओघळत होतं. फटी-फटीतून वाट काढत ती पुलाच्या माथ्यावर आली, आणि उलटलेल्या ट्रकला वळसा घातल्यावर समोर रस्ता मोकळा होता.

“घट्ट धरा,” ती म्हणाली. “आता वारा लागू दे तिला. ओल्या कपड्यावर वारा लागला की गार होतं.”

कॅनचं पाणी तो चादरीवर ओतत राहिला. ती वेग वाढवत राहिली. मागे तो सारखा हाका मारत होता, “ठकू... ए ठकू, मामाशी बोल ना गं.” उत्तर येत नव्हतं. हँडलवरची मूठ तिने सैल केली नाही.

इस्पितळाच्या फाटकाशी वळताना तिच्या पाठीला चिकटलेलं ते ओलं गाठोडं जरासं हललं.

“मामा,” आतून क्षीण आवाज आला, “मला थंडी वाजतेय.”

तो मागे काय करत होता, हसत होता की रडत होता, ते तिला दिसलं नाही. त्याचं कपाळ मात्र क्षणभर तिच्या खांद्यावर टेकलं.

ठकूला आत नेलं. ताई, म्हणजे त्याची बहीण, वॉर्डातून धावत आली, लेकीला बघून पुन्हा आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. ताप उतरला होता, धोका टळला होता. मग तिची नजर एसीवालीवर गेली. हातांवर ग्रीस, कपडे ओलेचिंब.

“गाडी तुम्ही दुरुस्त केली होती?”

“हो.”

“हमी दिली होती म्हणे.”

“हो.”

“तुमच्या भरवशावर मी लेकीला त्या गाडीत बसवत होते,” ताई म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. कोच भिंतीला टेकून उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पुलावरून ओढून आणलेल्या राखाडी गाडीचा डॅशबोर्ड उघडला. बॅटरीची तार काढली, स्टिअरिंग उतरवलं, एकेक स्क्रू, एकेक जोड. जेवायला उठली नाही. सगळा सांगाडा बाहेर काढल्यावर अगदी आतली कूलिंग कॉइल हाती आली. तिने दिवा मारला.

कॉइलची अख्खी एक कड हिरवीगार चमकली.

कंडेन्सरला छिद्र होतंच. पण इथेही होतं. आधी सुईच्या अग्राएवढं असेल, खड्ड्यांतून आपटत आपटत मोठं झालेलं. त्या संध्याकाळी काटा केसभर उतरला होता तो इथूनच. काट्याने सांगितलं होतं. तिने ऐकलं नव्हतं.

“आतली कॉइल आहे ती,” काका म्हणाले. “डॅशबोर्ड उघडल्याशिवाय कुणालाच दिसली नसती. तसंच सांग त्याला. खोटं नाही ते.”

“खोटं नाही,” ती म्हणाली. “पण अर्धंच आहे.”

नवी कॉइल बसवली. यावेळी नायट्रोजन भरून ती गेजसमोर मांडी ठोकून बसली आणि काका ‘पुरे आता’ म्हणाले तरी उठली नाही. काटा केसभरही हलला नाही. संध्याकाळी कोच गाडी न्यायला आला तेव्हा तिने जुनी कॉइल त्याच्यापुढे धरली.

“ही गळत होती. पहिल्यापासून.”

“आत होती ना? मग तुम्हाला कसं कळणार?”

इथे गप्प बसता आलं असतं. तिने एक खोल श्वास घेतला.

“कळलं होतं. त्या दिवशी काटा थोडा उतरला होता. मी बघितला... आणि नीट बघितला नाही. माझं लक्ष तुमच्याकडे होतं. तुम्ही बोलत होतात, हसत होतात, आणि मला तुमच्याकडेच बघायचं होतं. इतक्या वर्षांत माझं असं कधी झालं नव्हतं. मला... तुम्ही फार आवडता. आणि त्यापायी मी ठकूला...”

तिने कॉइल खाली ठेवली.

तो किल्ली घेऊन गाडीत बसला आणि गेला.

त्यानंतर फोन आला नाही. गाडीत आवाज आला नाही, वास आला नाही. ती काम करत राहिली. प्रत्येक गाडीच्या गेजसमोर इतका वेळ बसायला लागली की गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. केस तिने पुन्हा करकचून बांधले. काकांनी एकदाच म्हटलं, “सांगितलंस ते बरंच केलंस हो.” पण तिला बरं वाटलं नाही.

मग एका सकाळी राखाडी गाडी दारात थांबली. दार उघडून उतरली ती ताई. मागे काचेला नाक चिकटवून ठकू.

“बिघडली?” एसीवालीने कसंबसं विचारलं.

“छे. आतमध्ये इतकं गारठायला होतं की मला स्वेटर घालावा लागतो.” ताई तिच्याकडे निरखून बघत होती. “गाडी ठीक आहे. माझा भाऊ बिघडलाय.”

“म्हणजे?”

“जेवत नाही नीट, बोलत नाही. तलावावर मुलांना ओरडतसुद्धा नाही, पोरं घाबरलीत. काल खोदून विचारलं तेव्हा बोलला, तू काय सांगितलंस ते.” ताईने किल्ली पुढे केली. “माझा राग अजून गेलेला नाही. जायला वेळ लागेल. पण त्या दिवशी पुलावर दुसरं कुणी आलं नव्हतं, तू आलीस. आणि नंतर खरं बोललीस, जिथे खोटं सहज खपलं असतं. चालव गाडी. तलावावर जायचंय.”

“मी? हिला घेऊन?” तिने दचकून मागे पाहिलं.

“हिला घेऊन. मी मागे बसते तिच्याजवळ.”

ती गाडी चालवताना एसीवालीचा सगळा जीव कानांत गोळा झाला होता. बॉनेटखाली कॉम्प्रेसर लागला, आणि लागलेलाच राहिला. मागे ठकू कुठलंतरी स्वतःचंच गाणं म्हणत होती.

तलावावर तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, भोवती फळी धरून पाय मारणारी मुलं. कामाच्या कपड्यांतली ती काठावर येऊन उभी राहिली आणि मुलांचे पाय एकेक करून थांबले. त्याने वळून पाहिलं.

“मला वाटलं, तुम्हाला माझं तोंडही बघायचं नाही,” ती म्हणाली.

“तुमचं नाही. माझं.” तो काठाशी आला. चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं. “त्या संध्याकाळी मला दिसत होतं, तुमचं कामात लक्ष नाही ते. मला कळत होतं, का नाही ते. आणि मला... इतकं छान वाटत होतं ना, की मी मुद्दाम बोलत राहिलो. गप्प बसायला हवं होतं मी. तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत, आणि मी किल्ली उचलून पळालो. घाबरट कुठला!”

“घाबरट तर खरंच,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

“मला पण तुम्ही आवडता,” तो म्हणाला. “फार. त्या सिग्नलपासून.”

पाण्यात कुणीतरी फिदीफिदी हसलं. कुणीतरी त्याला गप्प केलं. ती एकदम खाली बघायला लागली... काठावरच्या ओल्या फरशीकडे, स्वतःच्या काळ्या पडलेल्या नखांकडे, कुठेही.

“बघा ना इकडे,” तो हळूच म्हणाला. “आज तर काही काम नाही.”

“‘बघा’ काय?” ती पुटपुटली. “‘बघ’ म्हणा.”

“मग तूसुद्धा ‘म्हण’ म्हण.”

तिने मान वर केली. “म्हण,” ती म्हणाली.

“बघ,” तो म्हणाला.

आणि ती बघत राहिली.